तिसऱ्या मागाचा दात

॥ श्री ॥
पुणे, १२ सप्टेंबर २०२५

ती. स्वरूपाआक्कास मंथनचा सा. न. वि. वि.

तुझ्या टिळकवाडीच्या शाळेच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकू नको. घरचा फोन सगळ्यांच्या हातात असतो, आणि हे आप्पांच्या नजरेला पडायला नको. आक्का, माझा डावा कान गेला. उजव्यात दिवसभर शिट्टी वाजते. कानाची नस वाळत चालली आहे, दोन महिने म्हणा नाहीतर चार म्हणा, असं डॉक्टर म्हणाले. मशीनचाबी उपयोग व्हायचा नाही. मग मी काय करू, म्हणून विचारलं, तर त्यांनी पुढच्या पेशंटची फाइल ओढली.

माझं काम तुम्हाला कधी धड सांगताच आलं नाही. अंबुबाईमावशी अजून विचारते, गाणारा कवा येणार रं? गाणारा नसतोच. हिप-हॉपचा ठेका, त्यावर जुन्या तबकडीवरचा एखादा सूर, पेटीच्या भात्याचा श्वास, आणि सगळ्याच्या खाली आपल्या शेडमधला तिसरा यंत्रमाग. कॉम्प्युटर सगळे ठोके रांगेत बसवतो. मी एक मागं ओढतो. आपल्या तिसऱ्या मागाचा सूत घेऊन पळणारा धोटा चाकाच्या तुटक्या दातापाशी अडखळतो ना, तेवढाच. त्या अडखळण्यावर माझं नाव झालं. दहावीच्या सुट्टीत शेडमध्ये फोनवर भरून घेतलेला तो आवाज, त्यावर चार अल्बम निघाले. बर्लिनला दोनशे माणसं त्यावर डोलली. एका जपानी पोरानं लिहून विचारलं होतं, हे यंत्र कुठं विकत मिळतं.

तो आवाज ज्या डिस्कवर होता ती बंद पडली. जुन्या गाण्यांत तो तुकड्यातुकड्यानं मुरलाय, वेगळा निघत नाही. मला कान जायच्या आत शेवटचा अल्बम करायचा आहे. अर्धा तास नुसता तिसरा माग, वर काही नाही. दसऱ्याला भंगारवाला माग नेणार म्हणालीस. त्याआधी मला तो भरून पाठव. दुसरं काही मागत नाही. आप्पांना काही सांगू नको. त्यांचे कान मागानं खाल्ले, आता माझं ऐकून ते सगळा दोष त्या मागालाच देतील.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा मंथन


॥ श्री ॥
वडगाव, बेळगाव, २२ सप्टेंबर

चि. मंथन यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून वाचलं. रडायचं ते तिथंच रडून घेतलं. हेडबाईंनी विचारलं तर फायलींची धूळ गेली डोळ्यांत म्हणून सांगितलं. अरे, एवढं सगळं एकट्यानं घेऊन बसलास? लहानपणी करंगळीला काटा रुतला तर गल्ली डोक्यावर घ्यायचास. दुसऱ्या डॉक्टरला दाखव. खडेबाजारातल्या औषधवाल्यानं तीन डॉक्टरांची नावं दिली आहेत, पत्राच्या मागं लिहिली आहेत.

आता तुझं काम. आप्पा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेल्याचं बघून मी भरमू फिटरला बोलावलं. तुला तर माहीत आहे, आपल्यात खंडेनवमीला मोडकं हत्यार पुजत नाहीत. आप्पा एवढे कडक, पण त्या तिसऱ्या मागाचा तुटका दात वर्षानुवर्षं पुढच्या खेपेला बघू, पुढच्या खेपेला बघू, करत राहिले. मी त्यांना चिक्कू म्हणत आले. म्हटलं, मागाची ही शेवटची पूजा आणि माझ्या भावाचं शेवटचं काम, दोन्ही मोडक्यावर नको. भरमूनं चाक नवं बसवलं, तेलपाणी केलं. काय सुरेख चालला म्हणून सांगू! एक चूक नाही. अर्धा तास फोन धरून उभी राहिले, हात भरून आला. तो आवाज आज फोनवर पाठवलाय.

वेळेवर जेव. तुझ्या जेवणाची काळजी करायची सवय मोडवत नाही, ती तू सहन करावीस.
तुझी आक्का


पुणे, २५ सप्टेंबर

ती. आक्कास,

आवाज मिळाला. हे काय करून बसलीस?

हा आपला माग नव्हे. हा कुणाचाबी माग आहे. इचलकरंजीत जा, मालेगावला जा, असले लाख भेटतील. तू दात बसवलास आणि मला मुकं केलंस. मी तो पहिल्यांदा लावला तेव्हा वाटलं कानच फसवतोय. पाच वेळा ऐकला. मग कळलं, कान ठीक आहे, मागच दुरुस्त झालाय.

जुनं चाक कुठं आहे? भरमूला विचार. आजच विचार. कॉम्प्युटरवर ठोका मागं ओढून बघितला, रात्रंदिवस बसलो. सोंग वाटतं. उजव्या कानात आता माणसाचं बोलणं विहिरीतनं आल्यासारखं येतं. आक्का, मला दिवस उरलेले नाहीत गं.

तुला बोललो त्याचं वाईट वाटतंय. तरी खोडत नाही. राग धरू नको.
मंथन


॥ श्री ॥
वडगाव, २ ऑक्टोबर, दसरा

चि. मंथनला आप्पाचा, नागोजीचा, आशीर्वाद.

मी चौथी शिकलेला माणूस. चुकलं माकलं समजून घे. स्वरूपानं मला काही सांगितलं न्हाई. माग चालू केला आणि पायाला कळलं, ह्यो माग आपला न्हवं. तिला धरून विचारलं तर रडाय लागली. मग तुझी पत्रं काढून दिली. भरमूनं जुनं चाक उद्यमबागेतल्या भट्टीत वितळायला दिलं, ते गेलं. तिला बोलू नको. तिनं हौसेनं केलं.

त्या दाताची गोष्ट तुला म्हाईत न्हाई. तू सहा महिन्यांचा हुतास. तुझी आई मागाच्या बीमाजवळ झोळी बांधायची आणि सुताच्या कांड्या भरायची. तवा दात तुटला. मी दुसऱ्याच दिवशी नवं चाक बसवलं. तू तीन दिवस झोपला न्हाईस. रडून रडून निळा पडलास. डॉक्टर झाला, देवऋषी झाला. चौथ्या दिवशी तुझी आई म्हणाली, तुटकं चाक परत लावा. लावलं आणि तू झोपलास. तवापासनं मी त्येला हात लावला न्हाई. लोकं हसली, स्वरूपा चिक्कू म्हणाली. म्हणू दे.

काल खंडेनवमी. मागाला झेंडू घातला, नारळ फोडला. त्या दिवशी माग चालवायचा नसतो. मी चालवला. देव बघून घेईल. छिन्नी घेऊन नव्या चाकाचा दात अर्धा उडवला. अनवाणी उभा राहिलो. जास्त अडखळत हुतं. शेजारचा दात कानशीनं घासला. परत चालवला, परत घासला. सकाळी बसलो ते दिवस मावळला. मग पायाला पटलं. स्वरूपानं ते भरून घेतलंय, पाठवती म्हणाली. आज भंगारवाला आला. चाक मी काढून घेतलं.

तुझं एकबी गाणं मी ऐकलं न्हाई. पोरं म्हणत्यात, बरं असतंय. माझा कान कवा गेला ते मला कळलंच न्हाई. धोटा चाललाय हे पायाला कळत हुतं, म्हणून कानाची चौकशी केली न्हाई. तुला मातूर दुखणार. तुझं प्वाटच कानावर. बाप म्हणून ह्यावर मला इलाज ठावं न्हाई.

घर हाय, ये. जास्त काय लिहू.
नागोजी


॥ श्री ॥
पुणे, ९ ऑक्टोबर

तीर्थरूप आप्पांच्या चरणी मंथनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या मागाचा आवाज शनिवारी पोचला. माझा उजवा कान गुरुवारीच गेला होता, दसऱ्यादिवशी. दोन दिवसांनी चुकामूक झाली.

शेवटचं काय ऐकलं ते आठवून बघतो. माग नव्हता, सूर नव्हता. खाली कुणीतरी स्कूटरचा हॉर्न दाबला होता. पंधरा वर्षं आवाज वेचत फिरलो आणि हाताला हे लागलं. शिट्टी तेवढी राहिली आहे, ती जात नाही. तुमचं पत्र आलं तरी आवाजाची फाइल उघडायचा धीर झाला नाही. सगळं सामान विकून टाकायला माणूससुद्धा बोलावला होता.

काल तुमचं पत्र परत वाचलं. चपला काढल्या. स्पीकर फरशीवर आडवा टाकला, आवाज पूर्ण सोडला आणि वर पाय ठेवले. तेरा सरळ, चौदावा मागं. परत तेरा सरळ, चौदावा मागं. आप्पा, दात बरोबर तुटलाय. पायाला मुंग्या आल्या तरी अर्धा तास हललो नाही. शेजारी भांडायला आले, त्यांचं तोंड हलताना दिसलं. मी रडत होतो म्हणून परत गेले असावेत. आक्काला सांगा, मी तिला बोललो ते आता खोडलं.

विकत घेणाऱ्या माणसाला नको म्हणून कळवलंय. सोमवारच्या गाडीनं स्पीकर घेऊन वडगावला येतोय. तिसऱ्या मागाच्या रिकाम्या जागेवर ठेवू. ते गाणं कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबवायचं, हे मला एकट्याला आता ठरवता येणार नाही. माझे पाय अजून नवखे आहेत. तुम्ही अनवाणी उभे राहा. तुम्ही हात वर कराल तिथं मी कापीन.

तोवर तब्येत जपा आणि माझ्यावर जीव असू द्या.
तुमचा मंथन