कबाडी यायच्या आधी

अनिश,

उठलास की आधी हे वाच. अकराला कबाडी भंगार न्यायला येईल, त्याला परत पाठव. तुझा जुना कॉम्प्युटर द्यायचा नाही.

त्याला नेट जोडायला तू घरी बनवलेल्या कार्ट्रिजमध्ये काही खोट नाही रे. तुझी वायर जाते त्या ओट्यामागच्या नेटच्या छोट्या डब्याचा प्लग मीच मिक्सरसाठी काढला, आणि परत लावायला विसरले. दोन महिने तू मात्र स्वतःलाच बोल लावत बसलास.

आज लक्षात आलं, लावला. तू चालूच ठेवलेल्या पडद्यावर पुण्याहून तुझ्या मित्राची, सुधन्वाची अक्षरं उमटली, "अनिश, आहेस का?"

मला उत्तर लिहिता येईना, आणि नोएडाची मेट्रो गाठायचीय. पोहे झाकलेत. ऊठ राजा, आहेस म्हणून सांग त्याला.

आई