फायनलच्या आधीचा शुक्रवार

रवि., ११ जाने.
जिंकलो, जेमतेम. समोरचे चिंचणीकडचे, ते आता लीगमधून बाहेर. पण त्यांच्या डावखुऱ्या रुपेशने आमची मधली फळी एकट्याने झोपवली. घरी येताना दादाचं (कॅप्टनसाहेब!) सारखं एकच, "ह्यो आपल्याकडं असता ना, तर फायनल आपलीच."
संध्याकाळी विचारतो, नियमात जावई चालतो ना? चालतो. गावचा मुलगा किंवा गावचा जावई, तिसरा कोणी नाही. "आनि निस्ता साखरपुडा झालेला?" ते कागदावर नव्हतं. घरात कॉलेज पाहिलेली मी एकटी, म्हणून स्कोअरही मीच लिहायचा आणि असले फोनही मीच करायचे. कमिटीचे काका म्हणाले, "साखरपुडा झाला म्हंजे जावईच की. त्याची टीम भायेर पडलेली असली म्हंजे झालं." दादाला तसं सांगितलं. त्याने पुन्हा एकदा वदवून घेतलं.

गुरु., १५
कंपनीतून आले तर आई दारातच. "बाय, एक स्थळ हाय. पोरगा बोईसरला, परमनंट." नाव विचारलं. रुपेश.
मी हसले. आईला वाटलं, लाजले.

शुक्र., १६
बघायला आले. शुक्रवारी कंपन्या बंद, म्हणून आजच. दादाने पोहे पुढे करत विचारलं, "खांदा कसा हाय आता?" असं विचारतात का मुलाला? त्याची आई मोकळी वाटली, माझ्या कामाबद्दल नीट विचारत होती.
निघताना तो अंगणात थांबला. "त्या दिशी तुमी माझा एक वाईड ज्यादा लिवलाय." म्हटलं, पंचांनी हात पसरले, मी लिहिलं. "पंच तुमच्या दादाचा दोस्त हाय ना!"
खरंच आहे. हसू आलं. तेच वाईट. नावडला असता तर सोपं होतं.

मंगळ., २०
परवा सेमी जिंकलो. आज दादाच्या पिशवीत टीमचे नवे टी-शर्ट. एकाच्या पाठीवर रुपेश. मी अजून हो म्हटलेलं नाही!
"हा कशाला?"
"अगं, छापनारा बोलला एक ज्यादा घ्या, सस्त्यात पडंल."
"आणि नाव?"
"नाव फुकट व्हतं."
आई म्हणते, दादा तुझं वाईट कशाला करील? वाईट करेल असं मी कुठे म्हणते. चांगलं नक्की कोणाचं करतोय, एवढंच.

बुध., २१
जेवताना जाहीर झालं. साखरपुडा परवा, शुक्र. २३. रविवारी फायनल. मी म्हटलं, मुलगा पसंत आहे, पण साखरपुडा पुढच्या शुक्रवारी. तेव्हाही कंपन्या बंदच असतात.
दादाचा घास हातातच. "आठ दिसांनी काय फरक पडनार हाय?"
"तेच विचारते. काय फरक पडणार आहे?"
बाबा आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिले. "पोर बोलते तसंच करू." दादा ताटावरून उठला.
रुपेशकडच्यांना कळवणार कोण? दादाच. काय सांगेल कोण जाणे.

रवि., २५
हरलो. रुपेश आला होता, साध्या शर्टात, बाउंड्रीजवळ उभा. शेवटच्या ओव्हरला समोरचे बॅट्समन धुवायला लागले तेव्हा दादाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या टेबलाकडे. मी मान खाली घालून लिहीत राहिले.
वाटलं, आता हा स्थळात खोट काढणार. नाही काढली. उलट वाटेत स्वतः मिठाईवाल्याला शुक्रवारचं सांगून आला. "नाराज नाय ना?" असंही विचारलं मला. लाज वाटली. सख्ख्या भावाबद्दल काय काय मनात आणलं.
संध्याकाळी रुपेशचा मेसेज, "शुक्रवार नक्की ना?" फायनल संपली, तरी विचारतोय. 'हो' टाइप केलं.
एवढ्यात ओटीवरून दादाचा फोनवरचा आवाज. "केळव्याची लीग ह्या शनवारपासून? लिव आपलं नाव! बॉलर? अरे, जावई हाय ना आपल्याकडं!"
'हो' तसंच आहे, पाठवलेलं नाही.
शनिवारचं रुपेशला माहीत असेल का?