कानामागचा डाग

प्रिय माय,

तो डाग कर्करोगाचा नाही! नागपूरहून परतीच्या एसटीत बसलो आहे. घरी पोहोचेपर्यंत धीर निघत नाही, म्हणून हालत्या गाडीतच लिहितो. अक्षर वाकडं आलं तर रागावू नकोस.

तू मला किडनी दिलीस, तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आठवतं? किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांनी शरीराची राखण ढिली पडते, मग कर्करोगाला वाट सापडते. ऊन टाळा, खर्रा-तंबाखू सोडा, नवा डाग दिसला की या. मी सगळं वहीत उतरवलं. तू घरी येऊन तुझा कापूस वेचायचा शर्ट काढलास. साडीवरून घालायचीस तो, बाबांचा जुना, लांब बाह्यांचा. तो माझ्या अंगावर चढवलास.

नवी वेचणारीण आली वं, म्हणून बाया हसल्या. तू म्हणालीस, "हासतीन तं हासू दे. माही किडनी हाय तुह्याजवळ, तिले जप."

तरी वेचत वेचत ओळीच्या त्या टोकाला गेलो की मी तो काढून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर ठेवायचो. तुला कळत होतं ना? संध्याकाळी शर्ट कोरडाच असायचा. मग एकदा तरी कान का नाही धरलास?

दर रविवारी उजेडात बसवून माझी पाठ, मान, कान पाहायचीस. पांढऱ्या कापसातून अळीनं पिवळी पडलेली कवडी वेगळी करावी तसं. तू कायमची गेल्यावर मी आरशात पाहून वहीत लिहू लागलो. हात, छाती, तोंड. एक रविवार चुकवला नाही. पण आरशाला कानामागचं दिसत नाही, हे सुचलंच नाही!

दिसलं ते घाटंजीच्या कटिंगवाल्या देवरावकाकांना. वस्तरा थांबवून म्हणाले, "अबे, हे काय होऊन राह्यलं? तुले दिसत नाही, मले दिसते. डॉक्टरले दाखव."

नागपूरला डाग कापून काढला, तुकडा तपासायला गेला. तेवढे दिवस एकच धास्ती. कर्करोग निघाला तर गोळ्या कमी करतील, मग तुझी किडनी राहील का?

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हानं बिघडलेली कातडी होती, पुढं कर्करोग झाला असता, वेळेवर निघाली. कोणी पाहिलं, विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या. तपासणीला येत जा, पण दाढी-कटिंगही चुकवू नको, म्हणाल्या.

माय, परवा वेचणी आहे. तुझा शर्ट घालीन, वरून कान झाकून दुपट्टा बांधीन, सगळ्या बायांसमोर. धुऱ्यावर काढणार नाही. संध्याकाळी तो घामानं ओला असेल. हात लावून पाहा.

तुझा,
सुधाकर