दुसरा वाटा

४ जानेवारी २०१५, रविवार
दुसऱ्या सेमिस्टरचा पहिला तास. शाश्वत पुरवठा साखळी व्यवस्थापन, पदव्युत्तर पदविका. नाव पूर्ण सांगेपर्यंत स्टेशनपासून खांदा कॉलनी येते. वर्गात मी सोडून सगळे पंचविशीच्या आतले. तोंडात 'शाश्वत' आणि हातात प्लास्टिकची बाटली. शिकवणारे विनायक सर बत्तीसचे. मला मावशी म्हणतात. पुरवठा साखळी सरांनी पुस्तकात पाहिलेली. माझ्या नवऱ्याने सव्वीस वर्षं जासईच्या एका यार्डात फाटकावर बसून कंटेनर लिहून घेतले. मला कोण शिकवणार?
प्रोजेक्ट: एक वस्तू घ्या, उगमापासून ताटापर्यंत तिच्यामागे जा, प्रत्येक टप्प्यावर किती वाया जातं ते मोजा. पन्नास गुण. त्यात नापास, तर पदविका नाही.
संकल्प: पहिली येणार. रोज पहाटे पाच ते सात अभ्यास.

५ जानेवारी
पावणेआठला जाग आली. थंडी. उद्यापासून.

७ जानेवारी, बुधवार
वस्तू ठरली. मांदेली. कृष्णाबाई करंज्याच्या जेट्टीवरून माझ्या दारात आणते, बारा वर्षं झाली. वर्गातल्या कल्पेशने कॉफी घेतली आहे. कॉफीचं झाड त्याने पाहिलेलं नाही, वेबसाइट पाहिली आहे.
नेहमीसारखे दोन वाटे घेतले. ह्यांना मांदेली कुरकुरीत लागतात. येत्या शिमग्याला ह्यांना जाऊन तीन वर्षं होतील, पण अचानक कोणी जेवायला आलं तर? शिवाय दारात बोलावून एकच वाटा घेणं बरं दिसत नाही.

११ जानेवारी, रविवार
प्रोजेक्टचा फॉर्म मिळाला. शेवटचा रकाना: ग्राहक कुटुंबातील व्यक्ती. 'दोन' लिहिलं.
अंदाजही लिहून टाकला. जेट्टीवर तीस टक्के वाया, वाटेत वीस, कृष्णाबाईच्या टोपलीत दहा, माझ्या घरी शून्य. जेट्टीवरच्या लोकांना शिस्त नसते हे न जाता सांगते. सर म्हणाले, आधी मोजा. पुस्तकी माणूस.

२१ जानेवारी, बुधवार
पहाटे चारला उठले. अभ्यासाला नाही, पण उठले हे नोंदवून ठेवते. स्वयंपाकघरातला काटा पिशवीत घालून करंज्याला. कृष्णाबाईने जेट्टीभर सांगितलं, ही बाय कालेजात जाते, मासली नुसती वजन करनार, घेनार नाय. लोक हसले. हसोत.
चिरडलेली मासळी वेगळ्या पाटीत, ती कोंबड्यांच्या खाद्याला. वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने पाट्या धुतल्या. वाया काही नाही. मला बघून सावध झाले असणार.

२३ जानेवारी, शुक्रवार
आज टेम्पोतून कृष्णाबाईबरोबर. वाटेत शून्य. तिच्या टोपलीत दुपारी उरलं ते मीठ लावून वाळत. तिथेही शून्य. हिला मी दहा टक्के दिले होते. लोकांना साधं वाया घालवताही येत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
घरचा टप्पा. नुसता उपचार.
साफ केलेली मांदेली साडेचारशे ग्रॅम. खाल्ली सव्वादोनशे. बाकी दारात येणाऱ्या बोक्याला. काटा बिघडला आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार
नवा काटा आणला. हाही बिघडलेला.

८ फेब्रुवारी, रविवार
बोक्याला ग्राहक धरलं. सरांनी खोडला. म्हणाले, मावशी, गरज नसताना मागवलेला मालही वायाच धरतात. तुमच्या अख्ख्या साखळीत गळती आहे ती फक्त तुमच्या घरी. कल्पेश हसला. त्याने केनियाच्या कॉफीची ऐंशी टक्के गळती सरांच्या नाकासमोर वेबसाइटवरून उतरवली, ते चाललं.

११ फेब्रुवारी, बुधवार
चूक कोणाची ते सापडलं. कृष्णाबाईची. तिला सांगितलं, तू दोन दोन वाटे देतेस म्हणून माझं टिपण बिघडतं.
तिने टोपली खाली ठेवली आणि पायरीवर बसली. म्हणाली, "तू मागतंस, मी देतंय. पन बाय, खानारा येकच हाय."
तिचा नवरा बुधाजी माझ्या ह्यांच्या आधी दोन वर्षं गेला. म्हणाली, तो गेला तेव्हा तीही महिनाभर त्याच्या भाकऱ्या थापत होती. मग काय केलंस, विचारलं.
"मंग पीठ कमी मलला."
अडाणी बाई. मुद्दाम दोन वाटे घेतले. खाऊन संपवणार होते. नाही संपले.

१५ फेब्रुवारी, रविवार
फॉर्म उद्या द्यायचा. कल्पेशने फोन करून समजावलं, 'दोन' तसंच ठेवा मावशी, सगळं खाल्लं म्हणा, कोण बघायला येतंय. मुलगा मूर्ख नाही. तसंच करायचं ठरवलं. स्वच्छ अक्षरात लिहायला बसले.
ह्यांचं एक होतं. यार्डात कंटेनरला डबा म्हणतात. रिकामा डबा आत आला तर हे रिकामाच लिहीत. साहेब म्हणाला, लिहा भरलेला, तरी नाही. घरी येऊन म्हणाले होते, रिकामा डबा भरलेला लिहिला की पुढे जहाजापर्यंत सगळं चुकत जातं.
'दोन' खोडलं. 'एक' लिहिलं. एवढं लिहायला तीन वर्षं लागली. पदवीलाही तेवढीच लागतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार
एक वाटा मागितला. कृष्णाबाईने एकच वाटा ठेवला. वर मूठभर मांदेली टाकली. माझा आकडा बिघडेल म्हटलं. म्हणाली, ती माझ्या हिशेबात धर.

२२ मार्च, रविवार
निकाल. पन्नासपैकी एकवीस. वीसला पास. पहिला कल्पेश. सरांचा शेरा: 'नोंदी प्रामाणिक. नमुना अपुरा. एकच घर, एकच व्यक्ती.' हे मला कळवायला विद्यापीठ लागलं.
आजची मांदेली: एक वाटा. उरली शून्य.
बोका अजून बरोबर बाराला दारात येऊन बसतो. दुसरा वाटा बंद होऊन महिना झाला. त्याला कोणी सांगितलेलं नाही.