फुटबॉलच्या माळाची मालकी

मी, दुर्गाबाई, कै. रंगराव कुटे यांची विधवा, वय साठीच्या पुढे, धंदा शेती, राहणार मौजे आकुर्डी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतः सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. गळ मात्र पुष्कळांनी घातली, ती पुढे सांगते. डॉक्टरांनी छातीचे दुखणे बरे होईल असे म्हटले नाही, होणार नाही असेही म्हटले नाही. म्हणून घाई आहे. मला अक्षर येत नाही. कोण काय बोलले ते बोलले तसेच लिहावे, असे मी दस्तलेखकांना सांगितले आहे.

कलम पहिले. मारुतीच्या देवळामागचे राहते घर, परड्यासह, माझा पुतण्या मालोजी दत्तोबा कुटे यास द्यावे. त्याची आई तो रांगत असताना गेली. तेव्हापासून तो माझ्या हाताखाली वाढला. घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

कलम दुसरे. माझी बोरमाळ आणि पाटल्या मालोजीची बायको रतनबाई हिला द्याव्यात. म्हैसही तिचीच. धार तीच काढते, मी नुसती मालकीण म्हणवते.

कलम तिसरे. माझे दीर दत्तोबा यांना काही देऊ नये. माझे यजमान वारले, तेव्हा दहावा होण्याआधी ते मला म्हणाले, "वहिनी, जमीन तुला खायापुरती. इकायचा, द्यायचा हक्क न्हाई तुला." त्या वेळी कायदा त्यांच्या बाजूचा होता. दोन वर्षांमागे नवा कायदा आला आणि वकिलांनी सांगितले की आता मी पुरी मालकीण आहे. मला आनंद झाला. तो फार दिवस टिकला नाही, कारण मालकीण झाले त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या फुटबॉलच्या माळाला गिऱ्हाईक आले.

कलम चौथे. हे कलम लांबणार आहे. चिंचवड स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटेवरचा आमचा मुरमाड माळ, ज्याला गाव फुटबॉलचा माळ म्हणते, त्याबद्दल.

लढाईच्या काळात माझे यजमान देहूरोडच्या लष्करी डेपोत मुकादम होते. तिथे गोरे सोल्जर फुटबॉल खेळत. त्यांनी तो खेळ पाहिला आणि फाटका चेंडू घरी आणला. चांभाराकडून शिवून घेतला. मग आमच्या माळावरचे दगड वेचायला लागले. पहिल्यांदा लोक हसले. नंतर हसणारेच घमेली घेऊन आले. उन्हाळाभर निम्मे गाव दगड वेचत होते, आणि त्यातून मैदान झाले. जमीन आमची, पण मैदान आमच्या एकट्याचे नव्हते. मालकी सांगताना मला अडचण होते ती इथे.

डेपोतला एक सार्जंट यजमानांशी बोलायचा. विलायतेत त्याच्या गावी गिरणी होती, आणि गिरणीतल्या माणसांनी आपापल्या पगारातून भाग घेऊन फुटबॉलचा क्लब उभा केला होता. ज्याच्याकडे भागाचा कागद, तो मालक. मग गिरणी बंद पडली. लोकांना पोट होते. बाहेरगावच्या एका दारूच्या कारखानदाराने एकेक कागद विकत घेतला, चांगला भाव देऊन घेतला, कोणाला फसवले नाही. पुढे त्याने नवे खेळाडू आणले, दगडी कठडा बांधला, तिकीट लावले. यजमानांनी हे सांगितले तेव्हा मी विचारले, "मग गावची माणसं कुठं गेली?" ते म्हणाले, "तिथंच हायेत. तिकीट काढून बघत्यात."

तेव्हा मला ती गोष्ट परक्या मुलखातली वाटली होती.

आमच्याकडे आलेले चित्रेसाहेब मुंबईचे. चिंचवडच्या बाजूला त्यांनी ओतकामाचा कारखाना काढला आहे. माणूस वाईट नाही, हे मला मुद्दाम लिहवून ठेवायचे आहे. फुटबॉलचा त्यांना खरा नाद. पहिल्या वर्षी त्यांनी कसलाही कागद न मागता पोरांना बूट दिले, चेंडू दिले, पुण्याला खेळायला जायचे गाडीभाडे दिले. चांगले खेळणाऱ्यांना कारखान्यात लावून घेतले. मालोजी कॅप्टन, तो सुपरवायझर झाला. त्या वर्षी आमच्या पोरांनी पुण्यात ढाल जिंकली आणि गावात मिरवणूक निघाली. मीही ओवाळायला गेले होते.

दुसऱ्या वर्षी बनियनवर आकुर्डीच्या जागी कंपनीचे नाव आले. खडकीहून आणि कोल्हापुराहून खेळाडू आले, आणि गावची तीन-चार पोरे कडेला बसायला लागली. मग साहेब घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "बाई, मैदान कंपनीच्या नावावर करून द्या. कुंपण घालू, हिरवळ लावू, बसायला पायऱ्या बांधू. दुसऱ्याच्या जमिनीवर कंपनी पैसा घालणार नाही."

बोलणे सरळ होते. मी विचार करते म्हणाले. मालोजी मात्र रोज मागे लागला. "काकी, शेजारच्या रानात कारखान्याच्या हद्दीचं खांब रोवल्यात. आज ना उद्या ह्यो माळ जाणारच. गोदाम व्हन्यापरीस मैदान ऱ्हाईल, ते काय वाईट हाय?" त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. अजूनही येत नाही. मी होकार देण्याच्या बेतात आले होते.

त्याच सुमारास खडकीच्या सामन्यात आमचा गोलकीपर बिरू ठोंबरे याची नडगी मोडली. तो कारखान्यात भट्टीवर होता. दोन महिन्यांनी ऑफिसातून निरोप आला की पाय यंत्रावर मोडलेला नाही, खेळताना मोडला, सबब पगार बंद आणि नाव कमी. बनियन कंपनीचे होते, पाय तेवढा बिरूचा निघाला.

साहेब स्वतः ससूनमध्ये त्याला बघायला आले. मी तिथे होते. त्यांनी संत्री आणली होती. डोळ्यांत पाणी होते, ते खोटे नव्हते. मी म्हणाले, "साहेब, तुम्ही मालक. तुम्ही शब्द टाका." ते म्हणाले, "माझ्या एकट्याच्या हातात असते तर टाकला असता, बाई. भागीदार मुंबईत आहेत. पैसा त्यांचाही आहे. ते सामना बघत नाहीत, हिशेब बघतात."

त्या दिवसापासून माझ्या छातीत धडधड सुरू झाली ती थांबत नाही. मालक म्हणून आलेला माणूस म्हणतो माझ्या हातात नाही. मग माळ मी देणार कोणाला? ज्यांच्या हाती जाणार त्यांनी आकुर्डी पाहिलेली नाही. भांडायचे झाले तर कोणाच्या दारात जायचे, हेही ठाऊक नाही.

वकिलांना मी म्हणाले, मैदान संघाच्या नावे करा. ते म्हणाले, "संघाची नोंदणी नाही. संघ म्हणजे कोण, हे कायद्याला सांगावे लागेल." घरी येऊन मी विचार करत बसले. दगड वेचले ते? त्यांतले अर्धे गेले. आज खेळतात ते? त्यांच्या नोकऱ्या साहेबांकडे. नुसते बघायला येतात ते? मला नीट उत्तर सापडलेले नाही. सापडले तेवढे लिहवते.

सदर माळ आकुर्डीत खेळणाऱ्यांसाठी सार्वजनिक न्यास करून ठेवावा व त्याची रीतसर नोंदणी करावी. कोणी बूट, चेंडू, पैसा दिला तर आनंदाने घ्यावा. चित्रेसाहेबांनी दिला तरी घ्यावा. पण जमीन विकू नये, गहाण टाकू नये, लांब मुदतीच्या भाड्याने देऊ नये. न्यासाचे विश्वस्त दोन, दोघांच्या सहीशिवाय काही होऊ नये: एक बिरू ठोंबरे, दुसरा ~~मालोजी दत्तोबा कुटे~~ रतनबाई मालोजी कुटे. मैदानाच्या कडेची पत्र्याची खोली बिरूने हयातभर वापरावी.

वरील खोडीचा खुलासा. हे कलम वाचून दाखवत असताना मालोजी पहिल्या पाळीवरून घरी आला आणि दारातच उभा राहून ऐकू लागला. त्याच्याविरुद्ध गेले म्हणून तो रागावेल अशी मला धास्ती होती. तो आत येऊन खाली बसला. म्हणाला, "काकी, माझं नाव काढ."

मी म्हणाले, "रागावलास?"

"न्हाई. मी इकीन."

मग तोच पुढे म्हणाला,

"आज न्हाई इकनार. पर सायेब बोलावत्याल, खुर्ची देत्याल, पोरांच्या नोकऱ्यांचं काढत्याल. माझा पगार त्येंच्याकडं. मला न्हाई म्हनता यायचं न्हाई. तू मला वळखतीस. सही माझ्या हातात ठिवू नगंस."

मी त्याला इतकी वर्षे वाढवले, पण त्याला एवढे खरे बोलताना ऐकले नव्हते. मग रतनबाईला चुलीपासून बोलावले. बिरू पडून होता तेव्हा रोज दोन्ही वेळचा डबा तिने पोचवला, कोणी न सांगता. तिला विचारले, "पगार गेला तर तुझीच चूल विझंल. तरी न्हाई म्हनशील?"

तिने नवऱ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "चूल इझली तर म्हस हाय. मी न्हाई म्हनंन. पर बिरूभावजींनी बी म्हनाया पायजे, मी एकटी न्हाई."

म्हणून मालोजीचे नाव खोडून तिचे घातले. खोडीवर माझा अंगठा आहे.

वकील म्हणतात, सरकारने कारखान्यासाठी माळ घेतला तर ह्या कागदाचा उपयोग होणार नाही. म्हणतात, दोन विश्वस्तांचे मन कायमचे बांधून ठेवणारे कलम कोणाला लिहिता येत नाही. दोन्ही मला समजले आहे. समजल्याने झोप येते असे नाही.

कलम पाचवे. माझ्या दहाव्याचा खर्च बेताचा करावा. दत्तोबा आले तर त्यांना जेवू घालावे.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मी ऐकले, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

दुर्गाबाई रंगराव कुटे, डाव्या अंगठ्याची निशाणी.

साक्षीदार: हिंदुराव बाळाजी काळभोर, राहणार आकुर्डी, सही. ज्योतीराम सखाराम गव्हाणे, राहणार चिंचवड, सही. दोघांनी अंगठा उठवताना समक्ष पाहिले.

मुक्काम आकुर्डी, तारीख १४ नोव्हेंबर १९५८.

खाली मालोजी दत्तोबा कुटे याने आपल्या हाताने लिहिले ते: मी वरील मजकूर ऐकला. माझी तक्रार नाही. पुढे कधी मी वेगळे बोलू लागलो, तर हा कागद मला चार माणसांत वाचून दाखवावा.