सुनेचं एकाशन

कामरगाव, १२ जानेवारी

प्रिय सौ. रत्नमालाताईस,
सा. न. वि. वि. आणि जय जिनेंद्र.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर मोकळं बोलायची सोय नाही म्हणून लिहिते आहे. माझ्या व्हॉट्सॲपवर किराण्याच्या ऑर्डरी येतात, त्यामुळे तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडा असतो आणि तुझा मेसेज माझ्याआधी सासरे वाचतात. फोन लावला तर सासूबाई स्पीकर सुरू करायला सांगतात, कारण त्यांनाही तुझी खुशाली हवी असते. पत्राला मात्र कोणी हात लावत नाही. दोघी बहिणी पत्रं लिहितात म्हणजे धर्माचंच काहीतरी लिहीत असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे.

तर धर्माचं असं, की मी भयंकर जाडी झाले आहे. बाळंतपणाआधीचा एकही ब्लाउज दंडावरून पुढे सरकत नाही. परवा दुकानात एका गिऱ्हाईक बाईनं तेलाचं पाकीट पिशवीत टाकता टाकता मोठ्या मायेनं विचारलं, कितवा महिना? छकुली तेव्हा माझ्या खांद्यावर झोपलेली होती, ताई. मी सातवा म्हणून मोकळी झाले. आत जाऊन मात्र खूप रडले, आणि रडू आवरेना म्हणून डिंकाचा लाडू खाल्ला.

दोष एकट्या माझा नाही. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी मेथीचा, मधे अळिवाची खीर. माझ्या ताटात भातावर तूप नसतं, तुपात चार शितं असतात. नको म्हटलं की सासूबाईंचं एकच, 'माय खाईन तं लेकरू पिईन.' वैशाखात दिराचं लग्न आहे आणि माझ्या लग्नातला घागरा कपाटात माझ्याकडे पाठ करून बसला आहे. मी जाड दिसते का असं नवऱ्याला विचारलं, तर मयंक अजिबात नाही म्हणाला आणि लगेच दुकानात निघून गेला. तेव्हा दुकान बंद होतं.

शेवटी मला युक्ती सुचली. आपल्या लोकांत माणसाचं नको कोणी ऐकत नाही, पण नियमाच्या वाटेला कोणी जात नाही. मी जाहीर केलं की दिराच्या लग्नापर्यंत माझं एकाशन, दिवसातून एकदाच जेवण, आणि वर तुपाचा आणि गोडाचा त्याग. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी लाडवांचा डबा स्वतःच्या हातानं उचलून फडताळात ठेवला. कशी आहे तुझी बहीण?

लोभ वाढू दे, बाकी काही वाढायला नको.

तुझी,
जिनल

•

मानोरा, २० जानेवारी

चि. सौ. जिनल हिस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं पत्र गल्ल्यावर बसून वाचलं आणि एवढी हसले की लुगडी बघायला आलेल्या बायका उठून शेजारच्या दुकानात गेल्या. तुझे भाऊजी विचारत होते काय झालं. मी धर्माचं आहे म्हणाले.

पण बये, हसून झाल्यावर मला धास्ती वाटली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझा करण अंगावर होता तेव्हा मीही जिऱ्याचं पाणी आणि काकडी यांवर दिवस काढले होते, आठवतं? वजन होतं तिथंच राहिलं आणि दूध मात्र आटलं. ते बिचारं लाजाळू असतं, घरात ओढाताण दिसली की पहिलं तेच निघून जातं. तुपात पोहायला मी सांगत नाही. सासूबाईंचा लाडू म्हणजे नारळाएवढा, तो रोज संपवलास तर घागराच काय, मांडवसुद्धा पुरणार नाही. पण भाकरी, वरण, भाजी, ताक पोटभर खा, पाणी पी, पोरीला घेऊन रोज संध्याकाळी चालून ये. नऊ महिने लागले चढायला, उतरायलाही तेवढे लागू देत.

आणि या भानगडीत देवाला कशाला ओढलंस? अंगावर पाजणाऱ्या बाईला कोणत्या साध्वी माताजी एकाशनाचा नियम देतील? लहान लेकरं, म्हातारी माणसं आणि पाजत्या आया यांना सगळीकडे सूट असते. तुझ्या सासूबाईंना हे माहीत नाही असं नाही. पण सून तपस्वी निघाली म्हटल्यावर कोणती सासू नियम शोधत बसेल? त्यांना सरळ सांगून टाक की मला बारीक व्हायचं आहे. बारीक व्हायची इच्छा हे काही पाप नाही, आपल्या घराण्यात ते कोणाला जमलं नाही एवढंच.

छकुलीला गोड पापा. माझी माया आहे तशीच आहे, तू फक्त तिला उपाशी ठेवू नको.

तुझी,
ताई

•

कामरगाव, ६ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकायला हवं होतं. वजन उतरलं. निळा ब्लाउज दंडावरून वर चढला, हुकही लागले. मी आरशासमोर उभी राहिले आणि मला काहीच आनंद झाला नाही.

दूध कमी झालं आहे, ताई. छकुली जराशी ओढते, सोडते आणि बंद दुकानापुढे आलेल्या गिऱ्हाइकासारखी माझ्याकडे बघते. मग रडते. अंगणवाडीत वजन केलं तर काटा गेल्या महिन्याच्याच जागी. तिथली बाई म्हणाली, लक्ष ठेवा. सासूबाई म्हणतात पोरीला दृष्ट लागली, म्हणून रोज मीठमोहऱ्या उतरवतात. सासरे पावडरच्या दुधाचा डबा आणू का विचारतात. आणि ज्या पोरीच्या आईनं स्वतःच्या ताटावर कुलूप घातलं, ती आई गप्प बसून राहते.

तू म्हणशील, मग जेव की. कशी जेवू? सासूबाईंनी ही गोष्ट मंदिरात सांगितली. तिथून ती तालुक्याला, कारंज्यापर्यंत गेली. आता बायका दुपारच्या येतात आणि माझ्या पाया पडतात. सत्तरीच्या बायका, ताई. एका आजींनी गुडघे धरत धरत वाकून नमस्कार केला आणि उठता येईना, तेव्हा त्यांना उठवायला मलाही जोर उरला नव्हता. दोघी खालीच बसलो. परवा एक जण सुनेला घेऊन आली आणि माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाली, बघ जरा. ती पोरगी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी कधी विसरणार नाही.

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आमच्या घरी अनुमोदनेचा कार्यक्रम आहे. माझ्या तपाचं कौतुक करायला पन्नास बायका येणार आहेत. सासूबाईंनी नवीन चादरी आणल्या आहेत. इतक्या वर्षांत त्यांच्या दारात मानानं कोणी आलं नव्हतं, हे त्या स्वतःच म्हणाल्या. आता मी जेवले तर त्यांचं नाक कापलं जातं, नाही जेवले तर माझी पोर वाळते. मला भीती वाटते आहे. काय करू ते लवकर लिही.

तुझी,
जिनल

•

मानोरा, १० फेब्रुवारी

चि. जिनल हिस, आशीर्वाद.

हे पत्र हातात पडलं की आधी जेव, मग पुढचं वाच.

जेवलीस? आता ऐक. पोरीला घड्याळ बघून पाजू नको, ती मागेल तेव्हा आणि नाही मागितलं तरी अंगाला लाव. ओढलं की दूध येतं, पण ओढायला आत काहीतरी हवं. उद्याच्या उद्या मयंकला घेऊन कारंज्याला डॉक्टरकडे जा. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर मुकाट्यानं पाज, त्यात कमीपणा नाही. मयंकलाही खरं सांग. त्याला दुकान बंद असताना दुकानात जाता येतं, तर चालू असताना सोडून दवाखान्यातही येता येईल.

आणि नाकाचं म्हणशील, तर सासूबाईंचं नाक त्या स्वतः सांभाळतील. तीस वर्षं किराणा विकून गावात टिकलेली बाई आहे ती. तुला सांभाळायला एकच जीव दिला आहे. नियम तू कोणा माताजींपुढे घेतला नाहीस, मनापासूनही घेतला नाहीस, तेव्हा मोडायला तिथं काही नाहीच. रविवारच्या आत तोंड उघड. नाही उघडलंस तर मी तिथं येईन आणि मी उघडलेलं तुम्हाला कोणाला परवडणार नाही.

तुझीच,
ताई

•

कामरगाव, २ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर हुकूम होता म्हणून पहिली भाकरी उभ्याउभ्या खाल्ली, मग वाचलं. मयंकला सांगितलं. तो आधी हसला, मग पोरीकडे बघून त्यानं गाडी काढली. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नाही म्हणाले, आईला जेवू घाला म्हणाले. मग काही दिवस मयंक बाहेरून पोळीभाजी कागदात बांधून आणायचा आणि मी कोठीच्या खोलीत बसून खायची. पण सासूबाईंना सांगायला काही धीर होईना. असा तो रविवार उजाडला.

बायका आल्या. गाणी झाली. मला पाटावर बसवलं, हार घातला. आत छकुली रडत होती आणि मयंक तिला घेऊन येरझाऱ्या घालत होता. बायका आवाज चढवून गात होत्या, म्हणून ती जास्त रडत होती. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि मला वाटलं, आता जर मी तप, संयम असं काही बोलले तर ही पोर मोठी झाल्यावर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही. मी सांगितलं की हे तप नाही. मला बारीक व्हायचं होतं, लाडू टाळायचे होते, म्हणून सोंग केलं. गेले काही दिवस लपून जेवते आहे. पोरीचं दूध आटलं आणि तुम्ही माझ्या पाया पडत होता, त्याची मला लाज वाटते. एवढं बोलून पाहुण्यांसाठी मांडलेल्या ताटातला एक लाडू उचलला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. लाडू फार चांगला होता.

मागून एकीनं नियम मोडल्याचं पाप कोणाच्या माथी, असं हळूच विचारलं. सासूबाई उठल्या. मला वाटलं, संपलं. त्या सरळ आत गेल्या, छकुलीला घेऊन आल्या, माझ्या मांडीवर दिली, माझ्या गळ्यातला हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हणाल्या, 'आजपासून हिचं एकाशन माह्यावर. तुमाले अनुमोदना करायची तं माही करा.' असं शास्त्रात चालतं का, असं त्याच बाईनं पुन्हा विचारलं. सासूबाईंनी तिच्या हातात लाडू दिला आणि खाऊन घ्या म्हणाल्या. बायकांनी नारळ तर आणलेलेच होते, परत न्यायचे कुठे? त्यांनी सासूबाईंच्या ओटीत घातले. मी पदराआड पोरीला पाजत होते.

आता मी तीन वेळा जेवते, लाडू अर्धा, आणि संध्याकाळी बस स्टँडपर्यंत चालत जाऊन येते. दूध हळूहळू परत आलं. काल अंगणवाडीतला काटा पुढे सरकला तेव्हा मी तिथल्या बाईला मिठीच मारली. निळ्या ब्लाउजचे हुक पुन्हा लागत नाहीत. सध्या शिलाई उसवून घालते.

हे पत्र सासूबाईंनी वाचायला मागितलं आणि मी दिलं. त्यांना खाली दोन ओळी लिहायच्या आहेत.

तुझा जीव आमच्यावर आहे तसाच असू दे.

तुझी,
जिनल

ता. क.
रत्नमालाबाईले पानाबाईचा जय जिनेंद्र. तुमी बहिणी धर्माचं लिवता असं मले वाटे. असो. एकाशन चालू हाय. लई कठीण काम हाय हो. दुपार कलली का मले काई सुचत नाही, जिना चढतानी चक्कर येते, अन् मले तं अंगावर कोणी पिणारं नाही. ते पोरगी पाजून राह्यली होती अन् अशीच उपाशी माह्या समोर हिंडत होती, अन् मी बायकायले चा करून पाजत होतो. तिले माह्यापाशी बोलता आलं नाही, तुमाले लिवता आलं, याचं मले लई वाईट वाटलं. तुमचं आयकते ते. पुढच्या पत्रात तिले लिवा, का भूक लागली तं पहिले सासूले सांगजो.