गच्चीवरची बेटं

४ फेब्रुवारी
लायब्ररीतलं बेटांचं पुस्तक दुसऱ्यांदा वाचून संपवलं. अवघड काही नाही. बेट मोठं असेल तर त्यावर जास्त प्रकारचे जीव. किनाऱ्याजवळ असेल तर आणखी जास्त. काही नवे येतात, काही नाहीसे होतात, आणि दोन्हींचा मेळ बसला की आकडा स्थिर राहतो. लोक याच्यासाठी कॉलेजात जातात. मला भाजी शिजेपर्यंत कळलं.
उद्यापासून प्रयोग. गच्ची म्हणजे समुद्र. ह्यांच्या कुंड्या म्हणजे बेटं. कठड्याला टेकलेलं मोठं झाड म्हणजे किनारा.

५ फेब्रुवारी, सकाळ
पाहणी केली. कुंड्यांत फक्त माती आणि काड्या. हे गेल्यापासून मी पाणी घातलेलं नाही. ते एका अर्थी बरंच झालं. पुस्तकातल्या शास्त्रज्ञांना बेटं रिकामी करायला वर तंबू ठोकून विषारी धूर सोडावा लागला. माझी बसल्याजागी झाली.
भाकीत: झाडाजवळचं निळं पिंप सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत जवळ, म्हणून तेच आधी भरेल. ह्यांची जाई त्यातच होती. तीही येईल.
नियम: पाणी घालायचं नाही, बी टाकायचं नाही, नुसतं बघायचं. ते मला जमतं.

९ फेब्रुवारी
मुलीचा फोन. म्हणाली, आई, त्या कुंड्या कुणाला तरी देऊन टाक ना. मी प्रयोग समजावून सांगितला. तिने विचारलं, जेवतेस ना वेळेवर? तिला विज्ञानाची ओढ पहिल्यापासून नाही.

१७ फेब्रुवारी
पिंपात काही नाही. घाई करू नये. किनाऱ्यावरून निघालेल्यांना वेळ लागतो.

२२ फेब्रुवारी
सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. मार्चअखेर गच्चीचं वॉटरप्रूफिंग, तोवर सगळ्या कुंड्या खाली. मी म्हटलं, भाऊजी, मध्येच बेट हलवलं तर निष्कर्ष बिघडतो. ते म्हणाले, वहिनी, तुमचं बेट असो नाहीतर खंड असो, पाणी माझ्या बेडरूममध्ये टपकतं. रात्री उशाला बादली घेऊन झोपतो आम्ही.
सहानुभूती वाटली. मुदत वाढवून मागणार आहे.

१ मार्च
अडचण. पिंप रिकामं. मधल्या कुंड्या रिकाम्या. आणि टाकीमागचा रंगाचा जुना डबा, सगळ्यांत लहान, सगळ्यांत लांब, त्यात गवत, एक गोल पानांचं रोप, मुंग्या आणि एक गोगलगाय.
मोजण्यात चूक असावी. परत मोजलं. गोगलगाय तशीच.

२ मार्च
कारण सापडलं. पिंपावर झाडाची सावली पडते. किनाराच आडवा आला. पिंप थोडं उन्हात सरकवलं. ही लबाडी नव्हे. खरी बेटंसुद्धा सरकतात, लाखो वर्षांत. मला तेवढा वेळ नाही.

८ मार्च
वरच्या मजल्यावरची शेजारीण वाळत घातलेले कपडे काढायला आली होती. तिला डबा दाखवला. ती म्हणाली, अहो, उगवणारच की! रोज त्या स्टुलावर बसून पाणी पिता आणि उरलेलं त्यातच ओतता तुम्ही.
मी म्हटलं, मुळीच नाही. ती म्हणाली, बरं बाई, नाही तर नाही. आणि हसत हसत जिना उतरली. तिचा टॉवेल राहिला.
स्टूल ह्यांचं आहे. तिथे वारा चांगला येतो, म्हणून बसते. दुसरं काही नाही.

९ मार्च
पाणी प्यायले. हात आपोआप डब्याकडे गेला. बघत राहिले त्याच्याकडे, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.
डबा प्रयोगातून वगळला. पिंपावर परिणाम नाही.

१५ मार्च
लायब्ररीयनबाईंनी विचारलं, पुस्तक परत कधी? त्यांनाही प्रयोग सांगितला. त्यांच्या घरी बाग आहे. म्हणाल्या, मावशी, जाई वाऱ्यावर कशी येईल? फांदी लावावी लागते, कुणीतरी.
मला माहीत आहे. ह्यांनीच लावली होती, माझ्यासमोर. मी पिंप धरून उभी होते आणि उशीर होतोय म्हणून कुरकुरत होते. पण सिद्धांतात फांदीबद्दल कुठे काही म्हटलेलं नाही. बागवाल्या लोकांना मोठं चित्र दिसत नाही.

२३ मार्च
मुदत वाढली नाही. सेक्रेटरी म्हणाले, छताचा पोपडा सासूबाईंच्या ताटात पडला, आता माझ्या हातात काही नाही.
पिंपात काही नाही. अजून आठवडा आहे. जे यायचं ते शेवटी एकदम येतं.

२९ मार्च
मुलगी आली. कुंड्या उतरवायला मदत करते म्हणाली. दुपारी मी पडले होते, तेव्हा तिने पुस्तक चाळलं. उठल्यावर मला एक पान वाचून दाखवलं. रिकामं केलेलं बेट पुन्हा भरतं, आकडा जवळपास पूर्वीइतका होतो, पण आधी होते तेच जीव परत येतील असं नाही. बहुतेक वेगळेच येतात.
मी म्हटलं, भाषांतर नीट झालेलं नसेल. ती म्हणाली, असेल. मग दोघींसाठी चहा टाकला तिने. माझ्यात साखर घातली. मी घेत नाही, तिचे बाबा घ्यायचे. प्यायले.
ते पान मीही दोनदा वाचलं होतं. आकड्याची वाट मी पाहतच नव्हते.

३१ मार्च
गवंडी आणि त्याची दोन माणसं सकाळी आली. लहान कुंड्या मुलीने आणि शेजारणीने उतरवल्या. निळ्या पिंपाला मी कुणाला हात लावू दिला नव्हता, त्यामुळे शेवटी ते एकटंच राहिलं. सगळे माझ्याकडे बघत उभे.
गवंड्याने आत डोकावून पाहिलं. म्हणाला, मावशी, ह्यात काही आहे का? असेल तर जपून नेतो.
मी म्हटलं, नाही. काही नाही त्यात.
त्याने आणि एका माणसाने मिळून उचललं. जिन्यात दोनदा टेकवावं लागलं.